सावत्र मुलाला अमेरिकेस बोलावताना : १८ आणि २१, दोन वयांचा हिशेब

या पानावर एरवी सुताचे भाव, जीएसटीची विवरणपत्रे आणि उधारीची वसुली यांबद्दल लिहिले जाते. आजचा विषय घरातला आहे, पण तोही मुदतीचाच आहे. हुंडीची मुदत दोन दिवसांनी चुकली तर व्याज भरून किंवा गोडीगुलाबीने प्रकरण मिटवता येते. वयाची मुदत चुकली तर व्याज घेणारा कोणी नसतो. ही गोष्ट मी माझ्याच घरात पाहिली आहे आणि त्यात दोष माझाही आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी तसे होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

भिवंडी असो, मालेगाव असो की रत्नागिरी-रायगडची कोकणपट्टी, कोणाचा ना कोणाचा नातलग अमेरिकेत असतोच. तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या विधुराचा किंवा घटस्फोटित गृहस्थाचा निकाह इकडच्या विधवा अथवा तलाक झालेल्या बाईशी ठरतो. बाईच्या पदरी पहिल्या घरची मुले असतात. बैठकीत मेहेर ठरते, जेवणाला माणसे किती ते ठरते, दागिन्यांचे बोलणे होते. मुलांच्या जन्मतारखा मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघाला पाहिजे.

माझी भाची २०१४ साली विधवा झाली. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. २०१९ च्या मार्चमध्ये न्यू जर्सीत राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विधुराचे स्थळ आले. माणूस अमेरिकेचा नागरिक, स्वभावाने भला. 'दोन्ही मुलांनाही नेतो', असे त्याने आपणहून सांगितले. एप्रिलमध्येच निकाह उरकून परत जावे असा त्याचा विचार होता. पण मे महिन्यात रमजान लागणार होता. आम्हा कापडवाल्यांचे वर्षाचे पोट त्या दीड-दोन महिन्यांवर असते. घरातला वडीलधारा मी. मी म्हणालो, 'सीझन टाकून मला उठता येत नाही. ईद होऊ द्या, मग निवांत करू.' भाची म्हणाली, 'मामू म्हणतील तसं.' मुलाच्या वयाची शंका कोणीतरी काढली, तेव्हा ओळखीच्या एका एजंटाला विचारले. तो म्हणाला, '२१ पर्यंत काही चिंता नाही.' मुलगा तर १८ चाही झालेला नव्हता. मला वाटले, तीन वर्षे हातात आहेत.

ईद ५ जूनला झाली आणि निकाह १६ जून २०१९ रोजी. मुलाला २० मे रोजी १८ वर्षे पूर्ण झाली होती. फरक २७ दिवसांचा. कागद न्यू जर्सीतल्या वकिलाकडे गेले तेव्हा कळले की एजंट खोटे बोलला नव्हता, तो अर्धेच बोलला होता. उरलेले अर्धे काय, ते आता क्रमाने पाहू.

१८ वर्षे : निकाहाच्या दिवशीचे वय

अमेरिकेच्या कायद्यात सावत्र मूल हे 'मूल' धरले जाते, पण एका अटीवर. ज्या लग्नामुळे सावत्र नाते निर्माण झाले, त्या लग्नाच्या दिवशी मुलाला १८ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. मुलाचे वय त्या दिवशी १७ वर्षे ११ महिने असले तरी चालते. १८ पूर्ण झाल्यावर लग्न झाले, तर सावत्र बापाच्या अर्जापुरते ते नाते कधीच मानले जात नाही. नंतर वकील कितीही मोठा केला तरी ही तारीख बदलत नाही.

एवढी अट पाळली तर बाकी बऱ्याच गोष्टींची गरज पडत नाही. मूल सावत्र बापाजवळ राहिलेले असले पाहिजे असे नाही. दत्तक घेण्याचीही जरुरी नाही. काही लोक 'दत्तक घ्या म्हणजे काम सोपे होते' असा सल्ला देतात. पण दत्तकाचा नियम वेगळा आहे. त्यात साधारणपणे १६ वर्षांच्या आतले दत्तक आणि दोन वर्षांचा ताबा व सहवास दाखवावा लागतो. सावत्र नाते सरळ असताना त्या आडवाटेने जाण्याचे कारण नाही. मुलाच्या कागदावर सावत्र बापाचे नाव खरा बाप म्हणून घालण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. आपल्या शरीअतमध्येही मूल जन्मदात्याच्याच नावाने ओळखले जाते, आणि वकिलातीला हवा असलेला जन्मदाखलाही जन्मदात्याच्या नावाचाच असतो.

२१ वर्षे : अर्जाच्या दिवशीचे वय

दुसरे वय २१. कायद्याच्या भाषेत 'मूल' म्हणजे २१ वर्षांच्या आतले आणि अविवाहित. अर्जाचा नमुना आय-१३० या क्रमांकाचा आहे. तो अमेरिकेत राहणाऱ्या सावत्र बापाने किंवा आईने भरायचा असतो, मुलाने नव्हे. १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी कागदी अर्जाला ६७५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर अशी ठरली. फी बदलत असते, म्हणून भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर ताजा आकडा पाहावा.

अर्ज करणारा अमेरिकेचा नागरिक असेल तर मोठी सवलत आहे. नागरिकाची पत्नी आणि २१ च्या आतली अविवाहित मुले यांना संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे रांगही नाही. शिवाय ६ ऑगस्ट २००२ रोजी अमलात आलेल्या बाल-दर्जा संरक्षण कायद्याने अर्ज दाखल झाल्याच्या दिवशीचे वय गोठवले जाते. म्हणजे अर्ज २० वर्षे ११ महिन्यांचा असताना दाखल झाला आणि व्हिसा मिळेपर्यंत मुलगा २२ चा झाला, तरी हिशेबात तो २१ च्या आतलाच राहतो. पूर्वी हे संरक्षण नव्हते. कार्यालयात फाईल पडून असताना मूल २१ चे झाले की हक्क बुडत असे.

मात्र 'दाखल' म्हणजे पोस्टात टाकलेला नव्हे, तर कार्यालयाने स्वीकारलेला अर्ज. सही राहिली किंवा फी चुकली म्हणून पाकीट परत आले तर पहिली तारीख मिळत नाही. बिल्टी फाडली म्हणून माल पोहोचला असे आपण धरत नाही, तसेच हे.

प्रत्येक डोक्यामागे वेगळा अर्ज

इथे पुष्कळ लोक फसतात. नागरिकाने पत्नीसाठी अर्ज केला म्हणजे तिची मुले आपोआप त्यात आली, असे होत नाही. पत्नीचा एक आणि प्रत्येक मुलाचा एक, असे स्वतंत्र आय-१३० करावे लागतात. तीन मुले असतील तर एकूण चार अर्ज आणि चार फिया.

ग्रीन कार्डधारकाचे वेगळे आहे. तो पत्नीसाठी अर्ज करतो तेव्हा तिची २१ च्या आतली अविवाहित मुले त्याच अर्जाखाली येऊ शकतात. पण मधेच तो नागरिक झाला तर पत्नीचा दर्जा बदलतो आणि तिच्या पदराखालची मुले त्या अर्जातून गळतात. घरात आनंद झालेला असतो आणि तिकडे मुलांचा कागदच उरलेला नसतो. म्हणून ग्रीन कार्डधारकानेही मुलांचे वेगळे अर्ज आधीच करून ठेवावेत. असा वेगळा अर्ज असेल आणि मूल २१ चे होण्याआधी बाप नागरिक झाला, तर नागरिकत्वाच्या दिवशीचे वय गोठते.

ग्रीन कार्डधारकाची रांग आणि वजाबाकी

ग्रीन कार्डधारकाच्या पत्नी-मुलांना वर्षाला ठराविकच व्हिसा असतात, म्हणून रांग लागते. इथे वय अर्जाच्या दिवशी गोठत नाही. व्हिसाचा नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून, अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा करतात. समजा, नंबर लागला तेव्हा मुलगी २१ वर्षे ५ महिन्यांची आहे आणि अर्जाला मंजुरी मिळायला ८ महिने लागले होते. वजाबाकी करून वय २० वर्षे ९ महिने. ती पात्र. तिने नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत पुढची कारवाई सुरू केली पाहिजे. मंजुरीनंतर रांगेत गेलेले दिवस मात्र वजा होत नाहीत.

लग्नाची घाई करू नये

दोन्ही प्रकारांत मूल अविवाहित असणे ही अट आहे आणि ती तिकडे पोहोचेपर्यंत लागू राहते. आपल्याकडे 'जाण्याआधी मुलीचे हात पिवळे करून टाकू' असे वडीलधारे म्हणतात. नागरिकाने केलेल्या अर्जावरच्या मुलीचे लग्न झाले तर तिचा अर्ज नागरिकांच्या विवाहित मुलांच्या वर्गात जातो, आणि तिथली रांग फार लांब आहे. ग्रीन कार्डधारकाने केलेल्या अर्जावरच्या मुलाचे लग्न झाले तर अर्जच संपतो. ते लपवून गेल्यास पुढे कधीतरी उघडकीला येते आणि मिळालेले ग्रीन कार्डही जाते.

१८ ची मुदत हुकली तर

निकाह अजून झालेला नसेल आणि मूल १८ ओलांडून २१ च्या आत असेल, तर एक वाट आहे. वाग्दत्त वधूचा व्हिसा, ज्याला के-१ म्हणतात. तो फक्त नागरिकाला मागता येतो. वधूच्या २१ च्या आतल्या अविवाहित मुलाला त्यासोबत के-२ व्हिसा मिळतो. तिकडे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचे असते. इथे १८ ची अट आडवी येत नाही. मूल २१ पूर्ण होण्याआधी अमेरिकेत दाखल झाले असेल तर नंतर वय वाढले म्हणून त्याचे ग्रीन कार्ड अडत नाही, असा निर्णय तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने २०११ साली दिला. या वाटेला दोन अटी आहेत. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी आणि लग्न झालेले नसावे. इकडे गुपचूप निकाह लावून तिकडे 'वाग्दत्त' म्हणून अर्ज करणे म्हणजे खोटे बोलणे आहे आणि ते अंगाशी येते. निकाहाआधी बाईने तिकडे जावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न. वाट आहे एवढे माहीत असावे.

२० मे ते १६ जून या २७ दिवसांत आमच्यापुढे ही वाट खुली होती. आम्हाला ती माहीत नव्हती. निकाह लागला आणि ती बंद झाली.

निकाह होऊन गेला असेल तर उरते ती आई. आईने आधी स्वतः ग्रीन कार्ड घ्यायचे आणि मग आपल्या पोटच्या मुलासाठी अर्ज करायचा. तिच्या नात्याला १८ ची अट नाही. पण मुलगा २१ च्या आत असेल तर पत्नी-मुलांच्या वर्गात, नाहीतर २१ वरच्या अविवाहित मुलांच्या वर्गात. या दुसऱ्या वर्गात २०२५ साली ज्यांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज ८-९ वर्षांपूर्वीचे होते.

कागद : तलाक, निकाहनामा, जन्मदाखला

सावत्र नात्याचा पाया म्हणजे कायदेशीर लग्न. तेव्हा दोघांचीही आधीची लग्ने रीतसर संपल्याचा पुरावा लागतो. विधवा असेल तर पहिल्या पतीचा मृत्युदाखला. तलाक असेल तर सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. तशा तलाकच्या चिठ्ठीवर दुसरा निकाह उभा केला तर पहिले लग्न कायम धरले जाते, दुसरे टिकत नाही, आणि त्याबरोबर मुलाचे सावत्र नातेही जाते. खुला असो, मुबारात असो किंवा १९३९ च्या कायद्याखालचा फस्ख असो, कौटुंबिक न्यायालयाचा शिक्का असलेला कागद हातात ठेवावा. पहिली बायको नांदत असताना केलेला दुसरा निकाह अमेरिका मानत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मुदत जवळ आली की 'फोनवर निकाह लावून टाका' असे कोणी सुचवते. दोघे समोरासमोर नसताना लागलेले लग्न, त्यानंतर पती-पत्नी एकत्र आल्याशिवाय, तिथला कायदा मानत नाही. शक्यतो एका मजलिशीत, काझी आणि साक्षीदारांसमक्ष निकाह व्हावा. निकाहनाम्यावर इंग्रजी तारीख स्पष्ट असावी आणि महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत लगेच नोंदणी करावी. नोंदणी दोन महिन्यांनी झाली तर कागदावर निकाहाची मूळ तारीख बरोबर आली आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

जन्मदाखल्याचे दोन घोळ नेहमीचे. एक, दाखल्यावर मुलाचे नावच नसते. ते आधी नोंदवून घ्यावे. दुसरा, शाळेतली तारीख. आपल्याकडे मास्तरांनी किती मुलांचा जन्म १ जूनला लावून दिला याला गणती नाही. दाखल्यावर एक तारीख, शाळेत दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी असेल तर १८ आणि २१ चा हिशेब कोणत्या तारखेपासून करायचा? पासपोर्ट काढण्याआधीच तारखा जुळवाव्यात. मूल अज्ञान असेल आणि जन्मदाता बाप हयात असेल, तर पासपोर्टसाठी त्याची संमती किंवा न्यायालयाचा ताब्याचा हुकूम लागू शकतो. त्यातच महिने जातात. मराठी आणि उर्दू कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

बोलावणाऱ्याला आपली कमाई दाखवणारे हमीपत्र, आय-८६४, द्यावे लागते. साधारणपणे घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवे. तेवढे नसेल तर दुसरा हमीदार चालतो.

तिकडे पोहोचल्यावर

तिकडे पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या सशर्त मुदतीचे मिळते, मुलाचेही. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत अट काढण्याचा अर्ज करावा लागतो. आणखी एक गैरसमज आहे. सावत्र बाप नागरिक आहे म्हणून मूल आपोआप नागरिक होत नाही. पोटची आई नागरिक झाली आणि त्या वेळी मूल १८ च्या आतले, ग्रीन कार्डवर आणि तिच्या ताब्यात राहणारे असेल, तर ते होते. म्हणजे तिथेही १८ ची मुदत आहेच.

हे सर्व नियम अमेरिकेचे. कॅनडात २४ ऑक्टोबर २०१७ पासून २२ वर्षांच्या आतले अविवाहित मूल अवलंबित धरतात. ब्रिटनमध्ये साधारणपणे १८ च्या आत अर्ज लागतो. एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाला लावू नये.

निकाहाच्या बैठकीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : प्रत्येक मुलाची दाखल्यावरची जन्मतारीख, त्याला १८ पूर्ण होणारा दिवस, २१ पूर्ण होणारा दिवस आणि बोलावणारा नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक. मग निकाहाची तारीख धरावी. आणि एजंट कितीही ओळखीचा असो, इमिग्रेशनचे काम करणाऱ्या परवानाधारक वकिलाला एकदा पैसे देऊन विचारावे.

आमचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. भाचीचे आणि १३ वर्षांच्या मुलीचे अर्ज २०१९ मध्येच गेले. आई लवकर पोहोचली असती तर मुलगा २१ चा होण्याआधी तिला अर्ज करता आला असता. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकन वकिलातींनी जगभर नेहमीची व्हिसाची कामे थांबवली आणि नंतर मुलाखतींचा ढीग साचला. मायलेकी २०२२ च्या जुलैत गेल्या. मुलाला २१ वर्षे मे महिन्यातच पूर्ण झाली होती. दुसरी मुदतही हुकली. भाचीने ऑगस्टमध्ये अर्ज केला आणि तो लांबच्या रांगेत लागला.

मुलगा आता पंचविशीचा आहे. माझ्याच दुकानात बसतो, ताके मोजतो, मला न विचारता ठोक गिऱ्हाईक सांभाळतो. त्याला स्थळे येतात आणि आम्ही परत पाठवतो, कारण आई नागरिक होण्याआधी त्याचा निकाह लावला तर तो अर्जही जाईल. रात्री दुकान वाढवताना न्यू जर्सीहून आईचा फोन येतो. तो मला कधी काही बोललेला नाही. त्या वर्षीच्या रमजानची विक्री किती झाली होती, ते वहीत लिहिलेले आहे. मी ते पान पुन्हा उघडलेले नाही.